तीन टिंबं

टेम्पोतून उतरवला तेव्हा तो ट्रॅक्टर
माझ्या कमरेएवढाच होता,
चिखलातून ओढून काढलेल्या वासरासारखा
पुढचे पाय फाकून उभा.
वडणग्याचे जिनगोंडा मगदूम म्हणाले,
विलायती आहे. आजोबांनी लिलावात घेतला,
गुलाबाच्या वाफ्यांतून फिरवायला.
मिस्त्री कुठायत?
भिंतीवर, मी म्हटलं.
त्यांनी फोटोकडे बघितलं, चप्पल काढली,
आणि लोखंडाच्या किसात अनवाणी उभे राहिले.
घाला, घाला. पाय कापतील.

चाक स्पिंडलला धरून बसलेलं.
कुठं लोखंड संपतं, कुठं गंज लागतो,
नखानं खरवडून कळेना.
घासलेट. डिझेल. पुन्हा घासलेट.
तिसऱ्या दिवशी हबभोवती गॅसची ज्योत,
तव्यावर भाकरी फिरवावी तशी सारखी फिरती.
मग पुलर, पुलरला पाना,
पान्याला पाइप, पाइपला इर्शाद लोंबकळलेला.
आवाज आला
माहेरच्या बंद खोलीची कडी निघावी तसा.
उद्यमनगरात त्या वेळी चार लेथ चालू होते,
कुणाला ऐकू गेला नसेल.

रिम आतून चाळणी.
वीतभर कापून टाकली, नवा पत्रा वाकवून जोडला.
त्यात सांगण्यासारखं काही नाही.

स्पिंडल मात्र फक्त खालच्या अंगानं झिजलेलं,
मायक्रोमीटरवर चौतीस थाऊ.
वरचं अंग अजून कोरं.
तिथं टूलच्या बारीक रेघा तशाच,
एकीला एक लागून.
ज्यानं त्या कापल्या त्याचं गाव मला ठाऊक नाही.
फीड सावकाश ठेवायचा, एवढं कळतं.
जेवायच्या सुट्टीची घाई नसलेला कुणीतरी.

बुश ठोकून काढला तेव्हा
त्याच्या पाठीमागून गुंडाळलेला पत्रा निघाला.
तपकिरीच्या डबीचा.
'निपाणी'तला 'नि' कात्रीखाली गेलेला,
'पाणी' राहिलेलं.
आणि कडेला, एका ओळीत,
पंचनं मारलेली तीन टिंबं.

ही खूण मी दुसऱ्या कुणाच्या कामावर पाहिलेली नाही.

आण्णा म्हणायचे, पत्रा घालणं म्हणजे उधारी.
गिऱ्हाईक जातं, उधारी फिरून येते.
इर्शादच्या वडलांना एकदा
एवढ्याशा पट्टीपायी
आठवडाभर लेथला हात लावू दिला नव्हता.
आणि हे.
गनमेटल संपलं होतं का त्या दिवशी?
लाइट गेली होती?
की टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता
आणि मी मागं लागले होते, चला ना घरी?
बिलबुकं काढली, वाळवीनं आधीच वाचलेली.

पत्रा मोजला. आठ थाऊ, सगळीकडे आठ.
कडेवरून बोट फिरवलं, कुठं लागलं नाही.
चोरीसुद्धा कानस मारून केलेली.

मग मी स्पिंडलवर वेल्डिंग भरलं.
कोऱ्या अंगावरच्या रेघाही त्यात गेल्या,
इलाज नव्हता.
कापून मापाला आणलं,
गनमेटलचा बुश केला,
तळहातानं दाबला की आत जाईल,
उलटा धरला तर पडणार नाही, असा.
ग्रीस भरून चाक फिरवून सोडलं.
इर्शादनं एकोणीस फेरे मोजले,
मी अठरा. त्यावरून थोडं भांडण.

बुशाच्या पाठीवर, कुणाला दिसणार नाही तिथं,
पंच टेकवला, हातोडी उचलली.
एकच मारलं.

चौथ्या दिवशी मगदूम आले.
चप्पल घालूनच आत आले, बरं वाटलं.
जुनं सामान परत द्यायची आमची रीत आहे:
फाटका बुश, दोन वॉशर, रिमचा तुकडा,
दोरीनं तोंड बांधलेली सिमेंटची पिशवी.
त्यांनी ती हातात तोलून बघितली.

सगळं आहे ना यात?

ओढणीच्या गाठीत पत्रा टोचत होता.

सगळं, मी म्हटलं.