खुर्च्यांचा हिशेब

स्कारविकच्या सभागृहाची किल्ली
सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे.
भाषणातलं मला विचारू नका. मी खुर्च्या मांडतो.

दीडशे माणसं येणार असतील तर शंभर मांडायच्या.
उरलेली भिंतीला टेकतात,
आणि बसलेल्यांना वाटतं, बरं झालं आपण लवकर निघालो,
इथे नक्की काहीतरी मोलाचं असणार.
दोनशे मांडल्या
तर जो तो शेजारची रिकामी खुर्ची ऐकत बसतो.

हीटर एकोणीसवर.
बाविसावर माणूस सगळ्याला हो म्हणतो,
पण सकाळी आठवत नाही कशाला.
खोकला एकाचा नसतो, रांगेचा असतो.
आणि पहिली टाळी वाजवणाऱ्याला
दुसरी येईपर्यंत जे वाटतं
ते मी शत्रूलाही देणार नाही.

फेब्रुवारीत मासळीचा कारखाना बंद करायची सभा होती.
कंपनीचा माणूस ओस्लोहून दुपारीच आला, स्टेन्सेथ,
बूट पुसून आत शिरला. म्हणाला,
ऐंशीच मांडा. मागचे दिवे मंद करा.
खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
माझ्या धंद्यातलं कोणी भेटलं होतं.

मग त्याने रिकाम्या खुर्च्यांसमोर तालीम केली.
मी शिडीवर, बल्ब बदलत.
‘ते आपले कॉड वाळवायचे उंच लाकडी... काय म्हणता तुम्ही...’
आणि थांबला. बोटं हवेत.
वाटलं, शिडीवरून सांगावं.
तोवर तो पुढच्या वाक्यावर गेला होता.

संध्याकाळी तो तिथेच थांबला.
बोटं तशीच हवेत.
‘येल!’ पुढच्या रांगेतून म्हातारा उल्वार ओरडला,
मग दहाजण, ‘येल! येल!’
हशा पिकला, आणि खोकला पार गेला.
ज्याने शब्द पुरवला तो त्याचा झाला,
हे मी डोळ्यांनी पाहिलं.
ज्या उल्वारच्या दोन्ही सुनांची नोकरी जाणार होती
तो मान डोलावत होता
स्वतःच्याच शब्दाला.

तिसऱ्या रांगेतून एक टाळी आली, शहरी, कोरडी.
मग सगळ्यांच्या.
माझीही.
हात आधी वाजले,
मी मागून पोचलो.

नंतर गुन्वोर उठली.
एकतीस वर्षं मासे कापणारी, कागद घडी घालून आणलेला.
माइक तिच्या उंचीला मी लावला नव्हता,
ती टाचा उचलून बोलत राहिली.
पगाराचे आकडे चुकली, परत मागे आली,
मग म्हणाली, ‘आम्हाला...’
आणि अडली.

खरी अडली.

सभागृहात एकशे दहा तोंडं होती,
प्रत्येकात तो शब्द असणार.
पण सगळे बुटांकडे बघू लागले.
परक्याचं अडखळणं गोड लागतं,
आपल्या माणसाचं अडखळणं म्हणजे
भर चौकात आपलीच नाडी सुटावी तसं.
कोणी खोकला. मग रांग खोकली.
ती ‘धन्यवाद’ म्हणून बसली.
मी दाराशी होतो, दोन हातांत दोन खुर्च्या,
उशिरा आलेल्यांसाठी.
टाळी न वाजवायला कारण होतं माझ्याकडे.

मतदान कसं झालं ते पेपरात आलं.

रात्री खुर्च्या रचताना
सातव्या रांगेत तिचा कागद सापडला,
मासळी तोलायच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला.
मंचावर गेलो. माइक खाली केला,
तिला पुरेल इतका. बंदच होता.
वाचायला लागलो.
समोर कोणी नाही, तरी पोटऱ्या कापत होत्या.

‘आम्हाला’ आलं.
पुढे तिने नुसती रेघ मारून जागा सोडली होती,
अर्धी ओळ, कोरी.
वाटलं असेल, तिथे पोचेपर्यंत सुचेल.
किंवा सभा देईल.