लाट नंतर येते

मासळीबाजार उठत होता तेव्हा आम्ही निघालो.
धक्क्यावर वितळता बर्फ, कोलंबीची सालं
आणि एकच समुद्रपक्षी, जागेचं भाडं भरल्यासारखा.
वीबके म्हणाली, आज लांबचा रस्ता.
तिच्या गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

डाव्या हाताला एल्ब.
समुद्र इथून शंभर किलोमीटर,
तरी दिवसातून दोनदा नदी उलटी फिरते;
किल्ली घरातच राहिली हे आठवल्यासारखी.

लाल विटांची गोदामं मागे पडली.
कधीकाळी इथे मिरी उतरायची, कॉफी, रबर,
दूरदूरच्या बेटांचा घाम पोत्यांत शिवून.
आता काचेआड वकील बसतात, कुंडीत एक केळ.
हवा दमट असली की वीबके भिंतीला नाक लावते.
"दालचिनी," म्हणते. मला ओल्या चुन्याचाच वास येतो,
पण मी मान हलवतो.

पुढे वाट अंग चोरते.
उजवीकडे वाटाड्यांची बुटकी घरं, डावीकडे त्यांच्याच बागा,
मधून आपण, म्हणजे परक्याच्या ओसरीवरूनच चाललोय.
या घरांतली माणसं होडीतून जायची,
परक्या जहाजावर दोरीच्या शिडीने चढायची
आणि परक्या कप्तानाला आपली नदी समजावून सांगायची.
तिचा त्यार्क त्यांतला. तेहतीस वर्षं.

एका खिडकीत चिनीमातीचे दोन कुत्रे.
नवरा समुद्रावर असला की त्यांची तोंडं बाहेर,
परतला की आत.
सगळ्या गल्लीला कळायचं कोण एकटी आहे.
"दुधवाल्यालासुद्धा," वीबके म्हणाली, आणि खो खो हसली.

मग वाळू. आम्ही बसलो.
समोरून चौदा हजार डब्यांचं जहाज गेलं,
आवाज न करता,
एखादी अख्खी पेठ जागेवरून निघून जावी तसं.
पोरांनी हात हलवले. वरून कुणी हलवला नाही.
वीबकेने बूट काढून मांडीवर घेतले.
मी म्हटलं, पाणी तर तव्यासारखं सपाट आहे.
"थांब."

जहाज वळणाआड गेलं.
आधी पाणी मागे सरलं, चोरपावलांनी,
उघड्या पडल्या शिंपल्या, बाटलीचा गळा, कुणाचं प्लास्टिकचं फावडं.
आणि मग ती आली,
ज्याची होती तो दिसेनासा झाल्यावर,
गुडघाभर, थंड, डिझेलच्या वासाची.
टॉवेल गेले, एक चप्पल गेली,
माझे मोजे कामातून गेले.

वीबके पाय पुसत होती.
"त्यार्क मार्चमध्ये गेला," ती म्हणाली.
"सगळे म्हणाले, किती खंबीर बाई.
मी फॉर्म भरले, कोट वाटून टाकले, केक केले.
भिजले ती नोव्हेंबरात.
दुकानात होते. हातात बटाटे."

परतताना बासष्ट नंबरची फेरी घेतली.
वरच्या डेकवर वाऱ्याने बोलणं उडून जात होतं,
म्हणून आम्ही बोललो नाही.
पलीकडच्या काठावर क्रेन माना उंचावून
पुढच्याची वाट पाहत होत्या.

तिच्या नव्या घरातून नदी दिसत नाही.
तिसरा मजला, खाली गाड्यांचा तळ.
खिडकीत तेच दोन कुत्रे, सासूचे, एकाचा कान फुटका.
फुटका बाहेर बघतो. दुसरा आत.
"असं कसं?" मी विचारलं.
ती चहाचं पाणी ठेवायला गेली.
माझे मोजे हीटरवर वाळत होते,
खोलीभर एल्बचा वास.