एक ओळ खाली

नारायण पेठेत, बोळाच्या टोकाला,
विद्वांसांच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते.
लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल,
आणि थंडी पडली की पंचांग.

तिथी, नक्षत्रं, घटका, पळं
यांची गणितं करणारे वेगळे, शहाणे.
माझ्याकडे काने, मात्रा, वेलांट्या
आणि शेवटून तिसरं पान : पल्लीपतन.
अंगावर पाल कुठे पडली, तर काय.

कपाळ : बंधुदर्शन.
कान : अलंकार.
मुख : मिष्टान्न.
केसांची टोके : मरण.
पाठ : बुद्धिनाश.
असं पार तळव्यापर्यंत.

मी यातलं काही मानत नाही.
पाल चुकचुकली की टेबलावर बोट आपटून
कृष्ण कृष्ण म्हणते, ते वेगळं.

त्या वर्षी उजवा रकाना एक ओळ खाली सरकला.
लोणकर म्हणाला, कॉम्प्युटरने केलं.
कॉम्प्युटर काही बोलला नाही.
तीनदा वाचलं होतं मी ते पान,
आणि शब्द न् शब्द शुद्ध होता,
ऱ्हस्व तिथे ऱ्हस्व, दीर्घ तिथे दीर्घ;
फक्त नशिबं शेजारच्या घरी उतरली होती.

विद्वांस म्हणाले, चाळीस हजार प्रती गेल्या.
शुद्धिपत्र लावलं तर लोक उद्या
एकादशीवरसुद्धा संशय घेतील.
आणि पालींना कुठे वाचता येतं?

श्रावणात एकजण आला, कोंडे नावाचा,
खेड शिवापूरच्या अलीकडचा, हातात पेढ्यांचा पुडा.
आई वैशाखापासून अंथरुणावर, म्हणाला,
भाताचं शीत तोंडात घेईना.
केस मोकळे सोडून पडलेली,
आढ्यावरून पाल सुटली ती थेट केसांच्या टोकावर.
घरात रडारड.
मग पोरीनं तुमचं पंचांग काढलं, तर काय, मिष्टान्न!
म्हातारी म्हणाली, लिहिलंय तर आणा की मग.
वाटीभर बासुंदी खाल्ली तिने.
परवापासून खुरपायला जातीय.

हे पान कोण करतं, त्याने विचारलं.
विद्वांसांनी माझ्याकडे बोट केलं.
मी पेढा घेतला. वेलची जरा जास्त होती.

तो गेल्यावर कपाटातून प्रत काढली.
केसांपुढे मिष्टान्न. बरं.
बोट एक ओळ खाली नेलं.
पाठ.

कुणाची असेल?
धनकवडीत न्हाणीघराच्या दारात उभा एखादा उघडाबंब,
की भवानी पेठेत पोळ्या लाटायला वाकलेली कुणी?
तिला खरं तर थोडा वेडेपणा यायचा होता,
तुम्हाआम्हाला येतो तेवढाच.
तिने वाचलं ते वाचून
घराच्या किल्ल्या सुनेकडे दिल्या असतील,
अबोला धरलेल्या भावाला फोन केला असेल,
की नुसती बसून राहिली असेल
ट्यूबलाइटच्या पट्टीकडे बघत, वर्ष संपेपर्यंत?
तिच्याकडून पुडा आला नाही.
शिव्यांचं पत्रही नाही.

पुढच्या वर्षी रकाना वर घेतला,
पट्टी लावून, ओळीसमोर ओळ.
मरण केसांसमोर परत आलं.
मला शिवापूरची बासुंदी आठवली.
तरी खाली सही केली : तपासले.

आता स्वारगेटच्या बसमध्ये
जागा मिळाली तरी मी उभी राहते.
पुढे पाठीच पाठी,
घामाने चिकटलेल्या, उसवल्या शिवणीच्या,
एक दप्तराखाली वाकलेली.
परवा एका बाईच्या पाठीवर चुना लागला होता.
झटकायला हात उचलला मी.
ती दचकली असती,
म्हणून तसाच वर नेऊन कडी धरली.