विल्होळीच्या पुढची वाट

लायसन्सवरची बाई अजून मला ओळख देत नाही.
तीन महिने झालेत. वय एकावन्न.
आडगावच्या अंगाला, जुन्या गाड्यांच्या आवारात
लुणावत विचारतोय, "काकू, छोटी ऑटोमॅटिक दाखवू?
भाजी आणायला झकास."

भाजी माझ्या दारावर येते.
मला फोर-बाय-फोर दाखव.

तो माझ्या मागे बघतो, कुणी पुरुष येतोय का म्हणून.
येतात ते इद्रिसभाई, सारडा सर्कलचे,
तोंडात बडीशेप, काखेत पोतं.
पोतं अंथरून गाडीखाली जातात.
नुसते पाय दिसतात, आणि पायच बोलतात:
"सडलीय. पुढची."

मला चालवता येत नाही अजून धड.
चढावर बंद पाडते. वळायचं म्हटलं की
आधी वायपर लागतो, मग इंडिकेटर.
पण तपासता येतं.
सव्वीस वर्षं गोंद्याच्या कंपनीत
इन्स्पेक्शनचं टेबल, दिवसाला आठशे नग,
उजव्या हातात गेज, डावीकडे लाल ट्रे.
वाईट नग आधी बोटाला कळतो,
डोळ्याला नंतर.

म्हणून मी बोनेट नाही, पेडल बघितलं.
मीटर म्हणतं चाळीस हजार,
क्लचचं रबर झिजून आरशासारखं.
लाल ट्रे.
दुसरीचा पांढरा रंग परवाचा,
दाराच्या पट्टीखाली निळा तसाच.
लाल ट्रे.
तिसरीचा फोर-व्हीलचा दांडा कुठेच जोडलेला नाही.
"शोला आहे," लुणावत म्हणाला, खाली बघत.
चौथी आम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलेली.
बोनेटवर तळहात ठेवला, पोराचा ताप बघावा तसा,
आणि म्हटलं, चहा सांग. निवू दे.
दोन चहांनंतर तिने इतका निळा धूर सोडला
की शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला.

पाचवी भिंतीकडे. जिप्सी.
एमएच पंधरा, टायर तीन कंपन्यांचे,
टपाच्या कापडाला हाताने घातलेले टाके.
पुढच्या कप्प्यात द्राक्षं विरळायची कात्री,
वणीच्या गडावरची कुंकवाची पुडी
आणि एक चाळीस पानी वही. पेन्सिलीने:
ऑइल बदलले.
हॉर्न पावसात रुसतो.
दुसऱ्या गिअरला कुरकुर, समजुतीने घ्यावे.
बंधाऱ्यापाशी अडकलो. दोष गाडीचा नाही.

दहा वर्षांच्या अशा नोंदी.
असा माणूस आमच्या लाइनवर असता तर.

म्हसरूळला नेली, चामर लेण्याच्या पायथ्याशी.
चढावर बंद पडली. पुन्हा पडली.
इद्रिसभाई खिडकीतून बाहेर बघत बसले,
त्यांचे उपकार मानावेत इतके गप्प.
मग म्हणाले, "पूर्ण थांबवा. छोटा दांडा फोर-एलला घ्या.
आता ॲक्सिलरेटर विसरा."
विसरले.
आणि ती चढायला लागली, दगडावर दगड,
म्हशीच्या चालीने,
कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसल्यासारखी.

खाली येऊन मी यादी केली.
स्टिअरिंग जड. चॅसिसला तांदळाएवढा गंज.
मागची काच वर जात नाही. अशा अकरा ओळी.
गोंद्याला तीन दोषांवर नग परत जायचा.
हात सवयीने डावीकडे गेला.
तिथे ट्रे नव्हता.

लुणावतने दहा हजार सोडले, नवा हॉर्न कबूल केला.
घरी हे म्हणाले, "एवढी मोठी धूड? जायचंय कुठे?"

कंपनीच्या बसमध्ये मी डाव्या खिडकीशी बसायचे.
विल्होळी सोडली की एक मुरमाची वाट
हायवेपासून फुटते, टेकडीला अर्धा वळसा घालते,
आणि करवंदीच्या जाळीमागे जाते.
पुढचं बसमधून दिसत नाही.
सव्वीस वर्षं, जाताना रोज.

रविवारी जाईन.
पलीकडे दगडाची खाण निघेल,
किंवा कुणाच्या तरी गोठ्यातच वाट संपेल,
एखादं कुत्रं अंगावर येईल.
मग गाडी मागे घ्यावी लागेल,
आणि रिव्हर्स मला अजून
सरळ जमत नाही.