सगळी नाही उडत

सोमवारी मी स्वयंपाक करत नाही.
रविवारचं पातेलं उघडते:
खारवलेल्या बीफचा ओबडधोबड तुकडा,
कोबीची दोन मलूल पानं, गाजर, सलगम,
आणि तो अर्धा बटाटा,
ज्याला काल पोट भरल्यावर कुणी हात लावला नाही.
चिरायचं काही नाही. चेचायचं.
बिडाच्या तव्यावर चरबीचा गोळा सोडायचा
आणि खालून खरपूस होईस्तोवर
ढवळायचा मोह आवरायचा.
उभ्या जन्मात हा एवढाच मोह मला आवरता आला.

दोन दिवस वादळ. फोगोची फेरी बंद, वीज गेलेली.
फ्रीझरमधलं सगळं मागच्या दारी बर्फात पुरलंय,
वर खूण म्हणून झाडूचा दांडा,
एखाद्या खलाशाच्या थडग्यासारखा.

अशा दिवशी केकच करायचा.
लोखंडी चुलीच्या पोटात भट्टी आहे,
तिला आकडे नाहीत.
हात आत घालून मोजायचं;
बारालाच हात ओढावा लागला तर थांबायचं,
वीसपर्यंत टिकला तर बेशक भांडं सरकवायचं.
काळं चॉकलेट, गर्टीच्या कोंबड्यांची सहा अंडी,
काकवी, सढळ हातानं लोणी,
आणि नोव्हेंबरपासून रममध्ये बुडून बसलेले
सुके अलुबुखार. बरणी उघडली
की डोळ्यांनाच आधी चढते.
वर आणखी एक पेला. मग आणखी अर्धा,
कारण पेला धुवायचाच होता.

अ‍ॅम्ब्रोज आला तेव्हा केक अर्धा फुगलेला.
बर्फाचा नांगर त्यानं फाटकाशी उभा केला,
हातमोजे चुलीवर वाळत घातले,
तव्यातलं सगळं खाल्लं, खरपुडीसकट,
पावानं तवा पुसून घेतला.
मग नाक वर करून थांबला.
‘केक आहे,’ मी म्हणाले, ‘वीस मिनिटं बस.’
‘रम आहे.’
‘ती भट्टीत उडून जाते रे सगळी.’

सिरिल असताना ख्रिसमसला
मी अगदी हेच म्हणायचे, याच आवाजात,
आणि तो हसून दुसरा तुकडा घ्यायचा,
मग तिसरा, मग बरणीच.

‘सगळी नाही उडत, फिलोमिना,’
अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. अगदी हळू,
जणू मलाच लागेल काहीतरी.
‘तीन वर्षं झाली. चार महिने.’
आणि हातमोजे उचलले. ओलेच होते.

‘बस खाली,’ मी म्हणाले.
वरून ओतायला ठेवलेलं चॉकलेट होतं वाटीभर.
एक अंडं होतं. चमचाभर पीठ, काकवी.
आणि किटलीत सकाळपासून उकळून उकळून
डांबर झालेला चहा,
जो मी एरवी पायरीवरच्या बर्फावर फेकते.
तो ओतला, रमच्या मापानं,
म्हणजे मापाशिवाय.
घेवड्याचा रिकामा डबा घासला, लोणी फासलं,
भट्टीत हात घातला. अठरा. चालेल.

त्यानं तो उभ्यानंच खाल्ला, डब्यातूनच, चमच्यानं,
मधला भाग अजून पातळ होता तरी.
चांगला झालाय असं म्हणाला नाही.
‘कडू आहे,’ म्हणाला, आणि तळ खरवडला.
डबा खिशात टाकून गेला, का कोण जाणे.

मोठा केक मी एकटीनं कापला.
उत्तम झाला होता, खोटं कशाला बोलू.
दोन घास खाल्ले आणि उरलेला
झाडूच्या दांड्याखाली नेऊन ठेवला.

रिकामं भांडं परत करायचं नसतं
हे आमच्या बेटावर पोरांनाही ठाऊक आहे.
जूनमध्ये तो डबा घेऊन दारात उभा:
आत मिठात घोळवलेल्या कॉडच्या सात जिभा.
‘काल अकरा होत्या,’ म्हणाला,
‘ह्या उरल्या.’