अंगठ्याएवढा

पथारीवर मिरची वाळत असते तेव्हा
नंदुरबारची हवाच तिखट होते,
आणि आमचं टर्बाईन श्वास घेतं ती हीच हवा.
फिल्टरचे कागद लाल होतात,
ते झटकणारा पोरगा शिंकत शिंकत शिव्या देतो.
यंत्र शिंकत नाही.
मिनिटाला पाच हजार एकशे फेरे. अकरा वर्षं.

सुपडू आप्पा म्हणायचे, याचं भय एकच.
बाहेर कुठे तार तुटली, ब्रेकर उघडला,
की ओढायला काही उरत नाही
आणि आतला जाळ तसाच.
भरल्या मोटेचा नाडा तुटावा
तसं ते पुढे सुटतं;
बैल निदान गुडघ्यावर येतो,
हे येत नाही. हे धावतं. दोन सेकंद, तीन,
मग पाती मुळातून निखळतात
आणि पत्र्याचं छप्पर त्यांना विचारत नाही कुठे चाललात.

म्हणून दांड्याच्या पोटात,
मध्यापासून जरा ढळलेला,
अंगठ्याएवढा एक बोल्ट, स्प्रिंगने आवळलेला.
वेग दहा टक्के वाढला
तर बाहेरची ओढ एकवीस टक्के वाढते.
हा हिशेब पोलादाला शिकवावा लागत नाही.
ठरल्या आकड्याला स्प्रिंग हरते,
बोल्ट डोकं बाहेर काढतो, ज्वारीच्या दाण्याइतकं,
शेजारच्या खटक्यावर आदळतो,
तेलाचा दाब ओसरतो, गॅसची झडप मिटते.

झडप उघडी ठेवायला तेल लागतं.
मिटायला तिची स्वतःची स्प्रिंग पुरते.

नवे साहेब म्हणाले, तीन सेन्सर आहेत ना,
दातेरी चाकावर डोळा ठेवून;
तिघांतल्या दोघांचं एकमत झालं की यंत्र बंद.
मग हा म्हातारा कशाला?
आप्पांनी उत्तर दिलं नाही.
चाचणीची तारीख मागितली.

त्या रात्री भार उतरवला,
सेन्सरांचा आकडा मुद्दाम वर सरकवला
आणि वेग वाढवत नेला.
मी मोठ्याने वाचत होते.
आप्पांचा तळहात लाल मुठीवर.
‘तू वाच, मी शे ना.’

पाच हजार पाचशे.
पाच हजार सहाशे.
सहाशे दहा.
इथे यायला हवा होता.
सहाशे तीस.
जमीन तळव्यांतून बोलू लागली.
सहाशे साठ म्हणायला तोंड उघडलं
तोवर आप्पांनी मूठ दाबली होती.

सकाळी उघडलं.
तेलाची तपकिरी साय, काकवीसारखी चिकट,
त्यात बोल्ट रुतून बसलेला.
मोडला नव्हता, झिजला नव्हता.
अकरा वर्षं काहीच झालं नव्हतं,
तेच झालं होतं.
वही काढली. दर वर्षी चाचणीच्या रकान्यात ‘ठीक’.
अक्षर वेगळं, सही वेगळी, शब्द तोच.
त्यातल्या दोन सह्या माझ्या.

आप्पांनी सह्या पाहिल्या. वही मिटली.
रॉकेलच्या वाटीत बोल्ट बुडवून
चिंधीने पुसत राहिले, पुसता पुसता म्हणाले,
माझ्याआधी तिघं गेली.
आईने मला सुपात लोळवलं, नाव सुपडू ठेवलं,
मरण दारात आलंच तर त्याला वाटावं,
हा पाखडून टाकायचा कोंडा.
बासष्ट झाली.
मग बोल्ट उजेडात धरून
त्याच्या कडेवरून नख फिरवलं.

दुसऱ्या रात्री खटक्याचा आवाज ऐकू आलाच नाही.
एवढ्या गर्जनेत तो कसा येणार?
फक्त माझ्या तोंडात आकडा अर्धा राहिला
आणि काटा मागे फिरला.
मग बराच वेळ ते यंत्र उतरत राहिलं,
उतरता उतरता त्याचा सूर
माणसाच्या घशात मावेल इतका खाली आला.

आप्पांनी खटका हाताने पुन्हा चढवला.
बाहेर पथारीवर बाया आल्या होत्या,
फडकी नाकाला बांधून मिरची उलथत होत्या.

रकान्यात मला ‘ठीक’ लिहवेना.
पाच हजार सहाशे बारा, लिहिलं.
अक्षरांत.
मग खोकला आला.