बिनआवाजाचा

विल्मारने दुकानात तीन पंप कानाशी धरले.
पहिला टकटकणारा, त्याच्या जुन्यासारखाच.
दुसरा डास.
तिसऱ्यापाशी म्हणाला, चालू तरी कर की.
चालूच होता.

फ्राय बेंतोसच्या उन्हात ओपेलखाली उताणा पडून
टाकीच्या मागे, तिच्याहून वीतभर खाली,
रबराच्या गुटख्यांवर बसवला.
गंज खरवडून चकाकत्या पत्र्याला अर्थिंग.
रिले. फ्यूज, पंधराचा.
आणि धडकेत वीज तोडणारा तो स्विच,
ज्याला नेल्ली म्हणाली, हा आधी लाव.

किल्ली फिरवली.
नुसता काटा हलला.

एकोणतीस वर्षं टकटक ऐकून
ती थर्मास काखोटीला मारून दारात यायची.
आज दार बंदच.

बराच वेळ बसला.
मग खिडकीतून हात काढून
पत्र्यावर बोटाने:
टक, टक, टक.